गाडी गार होईपर्यंत

तापलेल्या गाडीला नाना हात लावत नसत. मग ती कुणाचीही असो. बॉनेटखालून वाफ येत असायची, मालक घड्याळाकडे बघत असायचा, ड्रायव्हर धावपळ करत पाण्याची बादली आणायचा, आणि नाना मात्र स्टुलावर बसून चहाच्या पातेल्यात साखर टाकत असायचे. एकदा राखोलीच्या कारखान्याचे शेठ त्यांच्यावर चांगलेच ओरडले. नानांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या खास गुजरातीत म्हणाले, "शेठ, बेसो. गाडी गरम छे, तमे पण गरम छो. बन्नेने साथे केवी रीते संभाळू? पहेला चा पीओ." शेठ हसले नाहीत, पण बसले.

बसायला नानांच्या गॅरेजमध्ये एका मोडीत गेलेल्या परदेशी गाडीची मागची सीट होती. खरं कातडं, जागोजागी फाटलेलं. सिल्वासाजवळ डोकमर्डीला आमच्या कॉलनीच्या फाटकासमोर ते गॅरेज होतं, आणि त्याच्या पत्र्याच्या सावलीत माझी शाळेची बस थांबायची. म्हणून त्या सीटवर मी पुष्कळ बसले आहे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बाबा मसाटच्या एका कारखान्यात इंजिनीयर होते आणि आम्ही पुण्याहून नुकतेच आलो होतो. मला कुणाशी बोलायला आवडायचं नाही. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, बसमध्ये हिंदी, दुकानात गुजराती. तोंड उघडण्याआधीच मी दमून जायचे. नानांनी मला कधी "कितवीत आहेस?" असं विचारलं नाही. "बसा मॅडम," म्हणायचे आणि आपल्या कामाला लागायचे. तेरा वर्षांच्या मुलीला मॅडम म्हणणारा तो एकटाच माणूस होता, आणि त्यात चेष्टा किती आणि आदर किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नाना धुळ्याकडचे. त्यांचं बोलणं मूळचं खान्देशी, त्यावर ड्रायव्हर लोकांची हिंदी आणि शेठ लोकांची गुजराती चढलेली. गळ्यापासून डाव्या कानापर्यंत त्यांची कातडी आवळल्यासारखी, चकचकीत होती. तरुणपणी कुणाच्या तरी घाईपायी त्यांनी गरम रेडिएटरचं टोपण उघडलं होतं. "वाफ आधी तोंडावर येते, मॅडम. पाणी नंतर," ते सांगायचे. "ज्याच्या आत उकळतंय, त्याचं टोपण उघडायला जाऊ नये. गार होऊ द्यावं. मग ते आपणच सांगतं काय दुखतंय ते."

गाडी गार झाली की मात्र नाना बदलायचे. स्वतःवर फार खूश असलेला माणूस होता तो, आणि ती खुशी लपवायचे नाहीत. डॉक्टरसारखे प्रश्न सुरू व्हायचे. ताप चढावर येतो की सपाटीवर? एसी लावल्यावर की बंद असताना? सकाळी जमिनीवर ओलं दिसतं का? मग वाकून वास घ्यायचे. कूलंट गळत असेल तर गोडसर वास येतो. तेलाची पट्टी बाहेर काढून बोटावर थेंब घ्यायचे; तेल दुधासारखं दिसलं तर त्यांचा चेहरा पडायचा, कारण मग पाणी इंजिनच्या आत शिरलेलं असायचं. रेडिएटरच्या जाळीत सुताच्या कारखान्यांतले कापसाचे तंतू आणि मेलेले किडे अडकलेले असायचे, ते नाना दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करत. बोअरचं पाणी गाडीत कधी घालायचे नाहीत. "या पाण्याने माणसाले मुतखडा होतो, गाडीले नाही होणार?" पावसाचं पाणी पिंपात साठवून ते फडक्यातून गाळून ठेवायचे. महागड्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या याचं कारण साधं होतं: मुंबईचे मालक कारखाने बघायला यायचे, वापीच्या रेल्वे फाटकावर गाडी अडकायची, आणि सिल्वासात पोचेपर्यंत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला असायचा.

राखोलीच्या शेठची गाडी तशीच होती. गडद निळी, जर्मन. "पळताना बरी असते ना? उभी राहिली की ताप?" नानांनी विचारलं. शेठ हो म्हणाले. "म्हणजे पाण्याची भानगड नाही. पळताना वारा लागतो, उभी राहिली की पंख्याने द्यायचा, तो देत नाही." त्यांनी पंख्याच्या स्विचची वायर काढली, दोन टोकं एकमेकांना जोडली, आणि पंखा गरगर फिरायला लागला. "पंखा बराय. त्याले उठवणारा झोपलाय," नाना म्हणाले आणि स्विच बदलला. इथेच थांबायला हवं होतं. पण हात लागलाच आहे म्हणून त्यांनी थर्मोस्टॅटही काढून टाकला. पाण्याच्या वाटेवरची ती झडप ते प्रत्येक गाडीतून काढायचे. "थंड देशातल्या लोकांचं लफडं. आपल्या हवेत अडथळा कायले पाहिजे? पाणी फिरू द्या, गाडी गार राहू द्या." काढलेल्या झडपा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा जवळजवळ भरला होता.

नानांना एक मुलगी होती, शोभाताई. आई लहानपणीच गेली होती, त्यामुळे दहा वर्षांची असल्यापासून घरचा चहा तीच करायची. पाकासारखा गोड. नानांना तसाच लागायचा. मी त्यांना ओळखायला लागले त्या वर्षीच शोभाताईने आपलं लग्न आपण ठरवलं. मुलगा नाशिकचा, मसाटला सुताच्या कारखान्यात सुपरवायझर, जात वेगळी. तिने हे गॅरेजमध्येच नानांना सांगितलं. मी सीटवर बसले होते, आणि मी तिथे आहे हे दोघेही विसरले होते.

नानांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मी आता तापलोय. आता बोललो तर वाईट बोलीन. तू जा. मंग बोलू."

शोभाताई म्हणाली, "मंग म्हणजे कधी, नाना?"

"मंग म्हणजे मंग."

ती गेली. आठवड्याभरात तिने लग्न केलं आणि वापीला राहायला गेली. नाना गार झाले असावेत, कारण महिन्याभराने ते माझ्या आईशी तिच्याविषयी नीट बोलत होते. आई म्हणाली, "मग जा की तिच्याकडे." तेव्हा नाना म्हणाले, "आता ती तापली असणार, वहिनी. बाप लग्नाले आला नाही. आता गेलो तर वाफ तोंडावर येईल. जरा गार होऊ द्या तिले."

वापी काही लांब नाही. पार्ट आणायला नाना दर आठवड्याला वापीला जायचे. पार्टच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत शोभाताईचं घर होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, नानांनाही. ते दुकानात जायचे, पार्ट घ्यायचे, पुढच्या रस्त्यानेच परत यायचे. तिला मुलगा झाल्याचं त्यांना दुकानदाराने सांगितलं. त्या दिवशी त्यांनी गॅरेजमध्ये पेढे वाटले, आणि कुणी "बघितला का नातू?" विचारलं तर "बघू ना, बघू," म्हणाले. लग्नाला अशी दोन-अडीच वर्षं झाली.

मी दहावीत असताना, थंडीच्या दिवसांत, राखोलीचे शेठ निळी गाडी घेऊन परत आले. या वेळी तक्रार उलटी होती. काटा वर चढतच नव्हता. गाडी पेट्रोल पीत होती आणि सकाळी ठसका लागल्यासारखी चालत होती. "काटा खाली आहे ते चांगलंच ना, शेठ?" नाना म्हणाले. शेठनी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं आणि ते कारखान्याच्या जीपने निघून गेले. नानांनी पुस्तक माझ्याकडे दिलं. "वाचा मॅडम. तुमची भाषा."

शाळेबाहेर मी कुणासमोर मोठ्याने वाचलेलं ते पहिलंच. एकेक वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि मग मराठीत सांगायचं. मी सांगितलं, की इंजिन सुरू होताना ही झडप बंद असते, कारण इंजिनला आधी तापायचं असतं. पुरेसं तापलं की झडप आपोआप उघडते आणि पाणी जाऊ देते. झडप काढली तर इंजिन कायम गार राहतं, आणि तसं गार चालत राहिलं तर आतून झिजतं.

"परत सांग," नाना म्हणाले. मॅडम नाही, अहो नाही.

मी परत सांगितलं.

"गार ठेवलं तरी झिजतं?"

"हो. असं लिहिलंय."

नाना उठले. पत्र्याचा डबा आणून त्यांनी जमिनीवर पालथा केला. त्यातून निळ्या गाडीची झडप त्यांनी बरोबर शोधून काढली. मग चहाचं पातेलं घेतलं, त्यात पाणी ओतून स्टोव्हवर ठेवलं आणि झडप तारेला बांधून पाण्यात सोडली. आम्ही दोघं पातेल्यावर वाकलो. बराच वेळ काहीच झालं नाही. पाण्यातून वाफ यायला लागली तशी झडप हळूच उघडली, झोपेतून डोळा उघडावा तशी. नानांनी ती बाहेर काढली; वाऱ्यावर ती पुन्हा मिटली. त्यांनी ती पुन्हा पाण्यात सोडली. असं ते कितीदा तरी करत राहिले. माझी बस येऊन गेली तरी मी उठले नाही.

"चांगली होती," शेवटी ते म्हणाले. "काहीच बिघडलेलं नव्हतं तिचं. मीच काढून ठेवली."

त्यांनी ती निळ्या गाडीत परत बसवली. दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद होतं. आईने त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात खेळण्यातली गाडी घेऊन वापीच्या टेम्पोत चढताना बघितलं. आई दिवसभर खुशीत होती.

पुढच्या दिवशी सकाळी मी सीटवर जाऊन बसले. नाना रेडिएटरची जाळी घासत होते. मी विचारणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच बहुतेक त्यांनी सांगितलं.

"दार उघडलं तिने. बसा म्हणाली. पोरगा चांगलाय, माझ्यासारख्या कपाळाचा." ब्रश थांबला. "मंग चहा टाकला आणि मले विचारलं, साखर घेता का?"

त्यांनी ब्रश पुन्हा जाळीला लावला.

"साखर घेता का, विचारलं. पाव्हण्याले विचारतात तसं."

एवढंच. त्यानंतर ते वापीला जायचे ते पार्टसाठी आणि पुढच्याच रस्त्याने परत यायचे. काढलेल्या झडपा मात्र त्यांनी परत बसवायला सुरुवात केली. ओळखीची गाडी रस्त्यात दिसली तरी हात करून थांबवायचे. ड्रायव्हर हसायचे. "नाना, आता कशाला? चाललीय की." नाना म्हणायचे, "चालते रे. झिजत चालते."

मी कॉलेजसाठी पुण्याला गेले. निघताना त्यांनी मला सीटवर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "तिकडे बोलत जा, मॅडम. निदान साखर किती घालायची एवढं तरी सांगत जा लोकांना." चेष्टाच होती ती. मी हसले.

दुसऱ्या वर्षी आईचा फोन आला. दुपारी एक तापलेली गाडी आली होती. नानांनी नेहमीसारखं मालकाला सीटवर बसवलं, चहा दिला आणि स्वतः स्टुलावर भिंतीला टेकून बसले. मालक पेपर वाचत राहिला. गाडी गार झाली, चहा संपला, पेपर संपला. त्याला वाटलं, नाना अजून थांबलेत.

नाना गेल्यानंतर सुट्टीत मी घरी आले तेव्हा शोभाताई गॅरेज आवरायला आली होती. मी तिला कितीतरी वर्षांनी बघत होते. तिच्याबरोबर मुलगा होता, त्याच कपाळाचा. तो फाटक्या सीटवर बसून पाय हलवत होता. मी दारात उभी राहिले. परत फिरावं असं वाटलं. मला अशा वेळी नेहमीच तसं वाटतं. पण मी आत गेले, आणि नाना मला काय म्हणाले होते ते तिला सांगितलं. पाव्हण्याला विचारावं तसं तिने साखरेचं विचारलं, ते.

शोभाताईच्या हातात तो पत्र्याचा डबा होता. आता त्यात दोन-चारच झडपा उरल्या होत्या. तिने तो खाली ठेवला.

"अगं, इतक्या वर्षांत मला काहीच माहीत नव्हतं त्यांचं," ती म्हणाली. "किती वाळले होते. वाटलं, शुगर तर नाही झाली? डॉक्टरने साखर बंद केली असेल, आणि मी आपली पहिल्यासारखा गोडमिट्ट चहा द्यायची. सरळ विचारायला जीभ उचलली नाही. म्हणून तसं विचारलं." मग स्टोव्ह पुढे ओढत, "मला वाटलं, पुढच्या आठवड्यात पार्ट घ्यायला येतील तेव्हा येतीलच. दर आठवड्याला वाटायचं. दुकानात दिसायचे ना मला, घराच्या मागच्या खिडकीतून."

"हाक का नाही मारलीस?"

"म्हटलं, नानांना अजून वेळ लागत असेल."

ती रडली नाही, निदान माझ्यासमोर. तिने स्टोव्ह पेटवला. पातेलं घासून घेतलं, पाणी ठेवलं, चहाची पावडर टाकली. कुणालाही न विचारता नानांच्या बरणीतली साखर ओतली, पाकासारखी. मुलाला बशीत दिला, मला कपात. चहा जीभ पोळेल इतका गरम होता. आम्ही तो फुंकर न घालता प्यायलो.