आयत्या वेळचा साक्षीदार

कोल्हापुरात विवाह नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर तो बसलेला असे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात स्वतःच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सांची जुडी. माझ्या लग्नाचा तिसरा साक्षीदार मुरगूडहून येताना एसटीत अडकला, तेव्हा हाच उठला. आमची नावंही न विचारता त्यानं 'वधूवरांना मी व्यक्तिशः ओळखतो' या ओळीखाली झोकदार सही ठोकली आणि एक पेढा घेतला. साहेबांनी मानही वर केली नाही.

तेवढ्यात पन्नाशीच्या दोन बायका आत आल्या. पेठ वडगावात शिलाईचं दुकान चालवणाऱ्या, याच्याच शेजारणी. एकीचं ऑपरेशन ठरलेलं, आणि दवाखान्यात सहीसाठी दुसरीला कुणी नात्यातली धरेना. म्हणून दोघींचं एकमेकींशी लग्न नोंदवायचं म्हणाल्या.

साहेबांनी फॉर्म उलटसुलट केला. "यात वर कोण?" मग तो परत सरकवून लग्नाच्या पावित्र्यावर पाच मिनिटं बोलले. तोंडात माझाच पेढा होता.

दोघी निघून गेल्या. तो पायरीवर बसला, पेनाला टोपण लावलं.

"पावणं, तुमास्नी आज पयल्यांदा बघितलं, तर माझी सही चालली. ह्या दोघींस्नी बारा वर्सं वळखतोय, तर सही कराय जागाच न्हाय की."

माझ्या प्रमाणपत्रावरची त्याची सही मला अजून वाचता येत नाही. सरकारदरबारी मात्र तो मला व्यक्तिशः ओळखतो.