कापसाच्या खोलीतल्या टेपा

मला गाता येत होतं की नाही, हे मला अजून नक्की माहीत नाही. हसू नका. माणसाला आपल्या चपलेचा नंबर माहीत असतो, आपल्याला कारलं आवडतं की नाही हे माहीत असतं, आणि हे माहीत नसावं म्हणजे कमालच म्हणायची. बरं, पुरावा नाही असंही नाही. दोन्ही बाजूंनी भरलेली एक अख्खी कॅसेट माझ्या कपाटात आहे. ती ऐकूनच तर सगळा घोळ झाला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही नांदेडच्या पलीकडे, तेलुगू मुलखातल्या मुधोळजवळच्या एका गावचे. माझे वडील शाळेत मास्तर. माझा दोस्त घरचा कास्तकार, शेतात कापूस आणि ज्वारी. हा दोस्त शिकायला हैदराबादला गेला आणि वर्षभरात नापास होऊन परत आला. येताना एक गिटार आणि इंग्रजी गाण्यांच्या काही कॅसेटी घेऊन आला. नापास झाल्याचं दुःख त्याच्या बापाला, याच्या तोंडावर नावाला नाही. मला पारावर गाठून म्हणाला, "आपण रॉक बँड काढून राह्यलो."

मी म्हटलं, "म्हंजे काय करून राह्यलो?"

"तू गाशीन, मी गिटार वाजवीन. बाकी पाहू."

मी गणपतीत गायचो, लग्नाच्या पंगतीत गायचो, कॉलेजच्या गॅदरिंगला तर माझ्यावाचून पानही हलत नसे. मास्तरचा पोरगा गळ्याचा धनी आहे असं गावात बोलत. तेव्हा यात मला काही जगावेगळं वाटलं नाही. ढोलासाठी आम्ही वरातीच्या बँडमधला एक तेलुगू पोरगा धरला. त्याला मराठी समजायचं पण बोलायचा कमी. आमच्या गाण्याबद्दल त्याच्याकडे दोनच शब्द होते. चांगलं झालं तर 'बागुंदी', आणि नाही झालं तर 'बागलेदु'. सुरुवातीचे काही महिने आम्ही दुसराच ऐकला.

दोस्ताचं म्हणणं असं, की हैदराबादच्या कंपनीला 'डेमो' पाठवायचा. डेमो म्हणजे नमुना. आधी घरच्या टेपरेकॉर्डरवर गाणं भरायचं, त्यांना पसंत पडलं की ते बोलावणार आणि मोठ्या मशीनवर भरणार. गाणीही आमचीच होती. पहिलं गाणं चुकलेल्या बसवर होतं. भैंसा म्हणजे आमचं बाजाराचं गाव. 'गेली रे गेली, भैंशाची बस गेली' एवढी एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि मध्ये मी जोरात ओरडायचं. ओरडायचं कशासाठी, हे मी विचारलं तर तो म्हणायचा, "रॉक हाय बावा."

पहिल्यांदा आम्ही दोस्ताच्या ओसरीवर बसलो. दुसऱ्याच दिवशी त्याची आई कंबरेवर हात ठेवून उभी. "तुमच्या कोकलण्यानं म्हैस पान्हा चोरून राह्यली. काय गाणं हाय का मयताची बोंब?" काकांनी, म्हणजे दोस्ताच्या वडिलांनी, निकालच दिला. "गायचंच असन तं त्या कापसात जाऊन गा. बाहेर चिटपाखराले आयकू नाही आलं पायजे."

आमच्याकडे दसऱ्यापासून वेचणी लागली की घरातली एक खोली कापसाची होते. भाव चढेपर्यंत कापूस तिथंच थांबतो, पार आढ्यापर्यंत. दाराशी थोडी जागा उकरून आम्ही तिघं त्यात बसायचो. वर छपरात एक काचेचं कवेलू, म्हणजे कौल, होतं, तेवढाच उजेड. काकांनी आत वायर ओढू दिली नाही, काडीपेटी तर खिशातून काढून घेत. म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर. अंगाला सरकी चिकटायची, नाकात तंतू जायचे, आणि ओरडायच्या जागी मला शिंक यायची.

पहिलं गाणं भरून आम्ही लावून ऐकलं. गोधडीत तोंड घालून कोणी रडावं तसा माझा आवाज होता. शब्द तोंडातून निघाला की तिथंच पडायचा. ढोलवाला म्हणाला, "बागलेदु." दोस्त म्हणाला, "अजून एकदा." अजून एकदा झालं, मग पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. दरवेळी तेच. गाणं कधी हळू घेतलं, कधी जलद, ओरडणं आधी घेतलं, मग शेवटी नेलं. सरणावर ठेवल्यासारखं गाणं, हलायचंच नाही.

एके दिवशी दोस्त जमिनीकडे पाहत म्हणाला, "राग नको मानू. पण तुह्या आवाजात जीव नाही बे."

मी ज्येष्ठमध चघळला, मिरे चावले, हळदीचं दूध पिऊन पिऊन ओठ पिवळे केले. आईला वाटलं पोराला कावीळ झाली. विहिरीवर जाऊन एकटाच गाऊन पाहायचो, तर तिथं आवाज असा घुमायचा की माझं मलाच बरं वाटे. आणि खोलीत येऊन टेपमध्ये ऐकलं की पुन्हा मेलेला. मला काही समजेना. विहीर खरी की टेप? माझं डोकं असं चाललं, की फोटोत आपलं तोंड आपल्यालाच आवडत नाही, पण म्हणून फोटो खोटा असतो का? टेप म्हणजे आवाजाचा फोटो. विहीर काय, कोणाचंही कौतुक करते.

मग संक्रांत आली. भाव चढला आणि काकांनी गाड्या जुंपल्या. कापूस भैंशाच्या बाजारात गेला. त्याच सुमारास दोस्ताच्या मामाचा पोरगा नांदेडहून तिळगुळाला आला. आम्ही सवयीनं त्याच खोलीत बसलो. एका कोपऱ्यात थोडा कापूस राहिला होता, बाकी नुसती जमीन. दोस्त त्या पोराला म्हणाला, "तू गाऊन पाय जरा." तो गायला. आम्ही टेप लावली. आणि काय सांगू! देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखा आवाज. गिटार झणझणत होती, ढोल छातीत वाजत होता. ढोलवाल्यानं पहिल्यांदाच तो चांगला शब्द काढला, "बागुंदी!" आणि तोही उभं राहून.

त्या दिवसापासून नांदेडचा पोरगा गाणार आणि मी खंजिरी वाजवणार असं झालं. खंजिरी कोणालाही वाजवता येते. गणपतीत मला गायला सांगितलं तर मी घसा बसल्याचं सांगू लागलो, आणि हळूहळू लोकांनी सांगायचं सोडलं. खंजिरी मात्र जोरात वाजवायचो.

डेमो हैदराबादला गेला. तिकडून हूं नाही की चूं नाही. ढोलवाला मंचेरियलला कोळशाच्या खाणीत लागला, नांदेडच्या पोरानं मोटारपंपाचं दुकान टाकलं, दोस्त शेतीत जुंपला गेला. मला उटनूरला आदिवासी कल्याणाच्या कचेरीत कारकुनी मिळाली. माझं लग्न झालं. बायको यवतमाळकडची, कापूसवाल्यांच्या घरची. तिनं कुठूनतरी ऐकलं आणि विचारलं, "तुमी गात होते म्हणे?" मी म्हटलं, "नाही, खंजिरी वाजवत होतो."

नव्वदचं दशक अर्धं सरल्यावर दोस्ताला माळ्यावर त्या जुन्या टेपांचा डबा सापडला. त्यानं निर्मलच्या दुकानातून सगळ्या ओळीनं एका कॅसेटवर उतरवून घेतल्या आणि तिची एक प्रत मला बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली. वर कागद चिकटवला होता: 'आपल्या बँडच्या पयल्या पयल्या रेकॉर्डिंगी'. मला ती लावायची नव्हती. बायकोनंच लावली, समोर मेथीची जुडी घेऊन.

एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला नांदेडचा. माझी बाजू चालू होती तेवढा वेळ मी उगाच खिडकीचा पडदा नीट करत होतो. दुसरी बाजू अर्धी झाली तेव्हा ती म्हणाली, "ढोल कोण वाजवते?"

"होता एक पोरगा."

"दोन्हीकडं तोच?"

"तोच."

"मंग तो बी पयल्या बाजूले मेलेलाच वाजून राह्यला, अन् या बाजूले जिता झाला. हे काऊन?"

मी म्हटलं, "कशावरून?" तिनं कॅसेट उलटून पुन्हा लावली. खरंच. पहिल्या बाजूला ढोल नव्हताच, उशीवर काठी आपटावी तसं काहीतरी होतं. मी तिला खोलीचं सांगितलं. आधी भरलेली होती, नंतर रिकामी झाली. तिनं मेथीतून मानही वर केली नाही. "भरल्या कापसात आमी लपाछपी खेळू तं दाराशी उभ्या आईची हाक आयकू येत नव्हती. कापूस आवाज खाते. तुमाले ठाऊक नव्हतं काय?"

नव्हतं. आम्हा चार पोट्ट्यांना, जन्मभर कापसात लोळलेल्यांना, ठाऊक नव्हतं. माझं डोकं गरगरायला लागलं. म्हणजे माझा आवाज मेलेला नव्हता? का कापसानंही खाल्ला आणि होताही मेलेलाच? दोन्ही होऊ शकतं. ढोल चांगला होता म्हणून मी चांगला होतो, असं थोडंच आहे? कचेरीत मी समोरच्या माणसाला त्याचाच कागद पुन्हा मागू लागलो. साहेब म्हणाले, "तब्येत ठीक नही क्या?" मी रजा टाकली आणि गावची बस धरली.

वेचणीचे दिवस होते, खोली भरलेली होती. दोस्ताला सगळं सांगितलं तर तो आधी खो खो हसला. मग आम्ही दोघं दाराशी उकरलेल्या जागेत उभे राहिलो आणि त्यानं टाळी वाजवली. नुसतं थप्प. ओसरीवर येऊन वाजवली तर समोरच्या भिंतीवरून परत आली. तो हसायचा थांबला. पुन्हा आत गेला, पुन्हा वाजवली, पुन्हा बाहेर आला. काका आता म्हातारे झाले होते, खाटेवरून म्हणाले, "काय रे, पुन्हा सुरू काय तुमचं?"

मी म्हटलं, टेपरेकॉर्डर काढ. ओसरीवर बसून मी तेच बसचं गाणं म्हटलं आणि आम्ही ऐकलं. अरे देवा. तंबाखूनं जाड झालेला, चार पायऱ्या चढून दम लागलेला आवाज. 'उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत,' म्हणणारा माझा कचेरीतला आवाज. खोली पुन्हा भरता येते, रिकामीही करता येते. तो मास्तरचा पोरगा कुठून आणायचा? मशीनकडून आता काही कळणार नव्हतं. मी दोस्ताकडे वळलो.

"तू मला टेपच्या आधी ऐकलं आहेस. गणपतीत, गॅदरिंगला. खरं सांग, तुला शपथ आहे. कसा गात होतो मी?"

तो शर्टाला चिकटलेला कापूस काढत बसला. मग म्हणाला, "लय भारी गात होता बे. तुह्यासाठीच तं बँड काढला म्या. मले काय गिटार येत होती?"

मी म्हटलं, "मग?"

"मंग टेपनं दुसरंच सांगतलं. मले वाटलं, आपलाच कान खोटा असन. मशीन काऊन खोटं बोलन?"

मी चिडलो. मी म्हटलं, "एवढं होतं तर मला काढलंस कशाला? तेव्हा एक शब्द बोलायचा होतास."

तो म्हणाला, "म्या काढलं? अबे, तूच म्हटलं. त्या नांदेडवाल्याची टेप आयकली अन् तूच म्हटलं, यालेच गाऊ द्या, माह्या गळ्यात काही नाही. म्या दोनदा म्हटलं, तू बी गात राय. तू खंजिरी उचलली. माह्या मायले विचार, त्या दिवशी मी जेवलो नाही."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. इतकी वर्षं मी मनात यालाच शिव्या देत होतो. हा खोटं बोलतोय म्हणावं, तर याला खोटं बोलून मिळणार काय? खरं बोलतोय म्हणावं, तर मग मला कोणी काढलं? त्याला मिठी मारावी की मुस्काटात द्यावी, हे मला कळेना. आत त्याच्या आईनं चहा ठेवला होता. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो आणि मला रडू आलं. त्याच्यासमोरच आलं, आणि ते थांबवायचंही मला सुचलं नाही.