थोरलीला लस द्यावी की नाही

"ही दोघं इतर कुत्र्यांना कितपत भेटतात?" पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"भेटत नाहीत," मी म्हणाले.

"शेजारची, गल्लीतली कुत्री?"

"शेजार लांब आहे. गल्ली नाही."

"फिरायला नेता तेव्हा?"

"फिरायला नेत नाही. आमच्याकडं बिबट्या आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग जरा हसून म्हणाले, "घरी पाहुणे येतात, त्यांच्याबरोबर एखादं कुत्रं?"

"घरी पाहुणेच येत नाहीत," मी म्हणाले. ते वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. टेबलावर थोरली आडवी पडली होती, आणि धाकटा माझ्या पायांत अंग चोरून बसला होता.

"मग यांना केनेल कफ होण्याचं काही कारणच नाही," ते म्हणाले. "तुम्हाला ही लस कशाला हवी?"

कशाला हवी ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

माझी नोकरी प्राथमिक शिक्षिकेची. नव्वदच्या दशकात मी घोडेगावच्या पलीकडे डोंगरातल्या एका शाळेवर होते आणि मालक पाटबंधारे खात्यात. शाळेच्या पडवीत एका कुत्रीनं पिल्लं घातली होती. एकदा शनिवारी मला न्यायला आलेल्या मालकांनी त्यातलं एक पिल्लू उचललं आणि कापडी पिशवीत घालून एस.टी.त बसले. मंचरपर्यंत पिल्लू गप्प होतं. मंचरच्या स्टँडवर गाडी थांबली आणि ते कुंई कुंई करायला लागलं. कंडक्टर म्हणाला, "पिशवीत काय हाय, पावणं?" मालक म्हणाले, "भाजी." सगळी गाडी हसली. कंडक्टरसुद्धा हसला आणि पुढं गेला. ती आमची थोरली.

पुढं माझी बदली बोरीजवळच्या शाळेवर झाली. मालकांनी वस्ती सोडून शेतात दोन खोल्यांचं घर बांधलं. मला ते पसंत नव्हतं. आमची सगळी माणसं विहाराजवळच्या वस्तीवर. बुद्धपौर्णिमेची खीर, बारशी, भांडणं, सगळं तिकडं. आपण इथं उसात काय करायचं, असं मी म्हणायची. ते म्हणायचे, रिटायर झाल्यावर बघ किती बरं वाटेल. त्यांना रिटायर व्हायला मिळालं नाही. एका सकाळी दाढी करताना छातीत दुखलं म्हणाले, आणि आळेफाट्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. पुढं तिचं लग्न झालं, ती पुण्यात गेली. घरात मी आणि थोरली उरलो. धाकटा नंतर आला, कॅनॉलच्या कडेला पाय मोडून पडलेला सापडला म्हणून.

त्याच सुमाराला बिबट्यांचं सुरू झालं. उसात माद्या वीत होत्या. आधी शेळ्या गेल्या, मग कुत्री. आमच्या रस्त्यावर जेवढी कुत्री होती ती एकेक करून नाहीशी झाली. सकाळी कुणाच्या तरी दारात तुटलेली साखळी दिसायची, नाहीतर नुसतं फरपटल्याचं निशाण. मी दोघांना दिवस मावळायच्या आत घरात घ्यायची आणि दार लावून बसायची. लोकांनीही संध्याकाळचं येणंजाणं सोडलं. शाळा सुटल्यावर मी घरी यायचे ते दुसऱ्या दिवशी शाळेतच माणसाचं तोंड बघायचे. सुट्टीच्या दिवशी तेही नाही. कधी कधी सोमवारी वर्गात पहिलं वाक्य बोलताना घसा बसलेला असायचा, कारण शनिवारपासून मी कुत्र्यांशिवाय कुणाशी बोललेली नसायची.

अशात मुलीला दिवस गेले. तिची सासू नाही. बाळंतपण मेमध्ये, म्हणजे मला सुट्टी. मला जायचंच होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न या दोघांचा होता. मुलीच्या सोसायटीत कुत्री चालत नव्हती.

"आई, गावात कुणाला तरी दे ना ठेवायला," ती फोनवर म्हणाली.

"कुणाला देऊ?"

"इतकी माणसं आहेत."

माणसं होती, पण सगळ्यांची कुत्री अंगणात बांधलेली असायची, आणि अंगणात बांधलेल्या कुत्र्याचं काय होतं ते मी पाहिलं होतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला तुझी गरज आहे आणि तू मला कुत्र्यांचं सांगतेस." मग तिनंच जावयांच्या ओळखीतून पुण्याबाहेरच्या एका कुत्र्यांच्या हॉस्टेलचा नंबर काढून दिला.

हॉस्टेल चालवणाऱ्या बाई बोलायला चांगल्या होत्या. रेबीजची झाली आहे का, विचारलं. झाली होती. मग म्हणाल्या, "आणि केनेल कफची? ती नसेल तर आम्ही घेत नाही."

मला वाटलं कफ म्हणजे आपला कफ. मी म्हटलं, "यांना कफ नाहीये."

"होऊ नये म्हणूनच लस," त्या म्हणाल्या.

मी आधी आमच्या गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर एका गाईजवळ उभे होते. मी विचारलं तसं ते चक्रावले. "बाई, ही लस इथं कुणी मागत नाही. गावातलं कुत्रं खोकलं तर खोकलं. तुम्हाला घ्यायचीच असेल तर पुण्यात मिळेल. पण म्हातारीला कशाला टोचता?" त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. घरी येताना मीही तेच म्हणत होते, कशाला टोचता.

म्हणून जीप ठरवून मी दोघांना घेऊन पुण्याला आले होते आणि डॉक्टर मला विचारत होते, लस कशाला.

मी हॉस्टेलचं सांगितलं. तेव्हा त्यांनी नीट समजावलं. हा कुत्र्यांचा खोकला. एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत एकाला झाला की बाकीच्यांना लागतो. बहुतेक कुत्री आपोआप बरी होतात. पिल्लं आणि म्हातारी यांच्यात मात्र तो फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो. लस घेतली म्हणजे होणारच नाही असं नाही, झाला तर हलका होतो. एक इंजेक्शन आता, दुसरं काही आठवड्यांनी, आणि त्यानंतरच हॉस्टेल.

मग त्यांनी थोरलीच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिले. थोरली माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत तोवर निळसर झाक आली होती.

"हिच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही," ते म्हणाले. "लस देता येईल, लशीची मला एवढी भीती नाही. पण ही दीड महिना अनोळखी जागी, जाळीच्या आत, सतत भुंकणाऱ्या कुत्र्यांत राहील का, ते मी सांगू शकत नाही. तिथं खोकला लागला तर लस असूनही हिला झेपेलच असं नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी इथं राहतो. माझ्याकडं ठेवायला माणसं आहेत," ते म्हणाले. टाळून बोलत नव्हते. खरं तेच सांगत होते.

धाकट्याला मी त्या दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं. थोरलीचं ठरेना. डॉक्टर म्हणाले, विचार करून कळवा, पण उशीर केलात तर दुसरं इंजेक्शन वेळेत बसणार नाही.

पुढचे दिवस मी तोच विचार करत होते. वह्या तपासताना, भाकरी थापताना. लस दिली की तिला हॉस्टेलात न्यायला मी मोकळी. नाही दिली तर न्यायचा रस्ताच बंद. म्हणजे खरा प्रश्न लशीचा नव्हताच, हे मला कळत होतं. पण कुणापुढं बोलून दाखवावं असं कुणी नव्हतं. मालक असते तर म्हणाले असते, "तू जा, मी आहे." एवढंच वाक्य हवं होतं मला.

ते वाक्य अखेर दुसऱ्याच माणसाकडून आलं. आमच्या बांधापलीकडं एक शेतकरीण राहायची, माझ्याच वयाची. पाण्याच्या पाळीवरून मालक असताना त्यांचं नि आमचं वाजलं होतं, तेव्हापासून दिसलो की मान हलवायची एवढंच. त्या दिवशी ती कांदे काढून दमलेली पाणी मागायला आली. थोरली तिच्या पायाशी जाऊन बसली. ती म्हणाली, "बाई, ही लई म्हातारी झाली की."

माझ्या तोंडून सगळंच निघालं. मुलगी, हॉस्टेल, लस, हृदयाची झडप. ती पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत राहिली.

"मंग हिला सुई नगा देऊ," ती म्हणाली. "हिला कुठं न्यायचंच न्हाई तर सुई कशाला? मी येते की झोपायला तुमच्याकडं. पोरगा चाकणला, मालक रातचं कांद्याच्या बराखीवर राखणीला. मला तरी घरात कोण हाय?"

"दीड महिना?"

"आमी काय कुठं चाललोय व्हय?"

दोघांना मी ठेवते असंही ती म्हणाली. पण धाकटा दांडगा होता, दार उघडं दिसलं की उसात पळायचा. त्याच्यामागं तिनं अंधारात धावावं असं मला मागता येईना. तेव्हा ठरलं ते असं: धाकट्याला दोन्ही इंजेक्शनं आणि हॉस्टेल, थोरलीला काहीच नाही, ती आमच्याच घरी. दोघं कधी एकमेकांशिवाय राहिली नव्हती. धाकट्याला जीपमध्ये चढवलं तेव्हा थोरली फाटकापर्यंत आली, आणि जीप वळेपर्यंत मला ती आरशात दिसत होती.

नातू झाला. गुटगुटीत, काळाभोर जावळाचा. मुलीला टाके होते, तिला उठवत नव्हतं, माझा दिवस बाळाच्या दुपट्यांत जायचा. माणसांनी भरलेल्या त्या इमारतीत मला शेतातल्या घरासारखंच वाटायचं. समोरचं दार कायम बंद. लिफ्टमधल्या बायका वर आकड्यांकडे बघत राहायच्या.

एका रविवारी जावई मला हॉस्टेलवर घेऊन गेले. धाकटा मला बघून उड्या मारायला लागला आणि मध्येच थांबून खोकला. घशात हाड अडकल्यासारखा कोरडा, ओढून काढलेला खोकला, शेवटी ओकारीसारखा. हॉस्टेलच्या बाई ओशाळल्या होत्या. बाहेरून आलेल्या एका कुत्र्याचा लागला, म्हणाल्या. चार-पाच जणांना झालाय, वेगळं ठेवलंय, याचा हलका आहे. पलीकडच्या खोलीत एक म्हातारा केसाळ कुत्रा आडवा पडून धापा टाकत होता. त्यालाही लस दिलेली होती. त्याचे मालक परदेशात होते.

मी धाकट्याच्या अंगावर हात फिरवत तिथंच फरशीवर बसले. थोरली इथं नाही, याचं एवढं बरं वाटलं की रडूच आलं. जावयांना वाटलं मी धाकट्यासाठी रडतेय. त्यांनी समजूत काढली. काही दिवसांत तो खरंच बरा झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारणीचा फोन आला, आळेफाट्याच्या बूथवरून. "बाई, थोरली खात न्हाई. फाटकापाशी बसती नुसती. घरात घेतली तरी दारालाच तोंड करून."

मी सकाळच्या एस.टी.नं गेले. थोरलीनं मला ओळखलं, शेपटी जमिनीवर आपटली. माझ्या हातून दूधभाकरी खाल्ली. दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मुलीला ताप होता म्हणून मला त्याच दिवशी परतायचं होतं. मी निघाले तेव्हा तिनं मान उचलली, उठली मात्र नाही.

त्याच आठवड्यात ती गेली. शेजारणीनं नवऱ्याला बोलावून तिला आमच्याच बांधावर पुरलं.

लस दिली असती, हॉस्टेलात माझ्या जवळपास ठेवली असती, रविवारी भेटत राहिले असते तर ती जास्त जगली असती का? की त्या केसाळ म्हाताऱ्यासारखी धापा टाकत राहिली असती? मी डॉक्टरांनाही फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही दोन्हीकडचा विचार केलात. यापलीकडं मलाही काही माहीत नाही." मला त्यांचा राग आला नाही. खोकल्यापुरतं माझं बरोबर ठरलं होतं. पण ती खोकल्यानं गेली नव्हती.

शाळा उघडायच्या आधी धाकट्याला घेऊन घरी आले. तो सरळ आत धावला, दोन्ही खोल्या, न्हाणी, मागची पडवी, सगळं हुंगून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. शेजारीण चुलीपाशी होती. तिनं चहा टाकला होता.

"सकाळच्याला गेली बघा," ती सांगू लागली. "मी झाडत व्हते. म्हटलं, ये गं आत, ऊन झालं. तर आली. आपल्या पायानं आली. पोत्यावर बसली, आन् मग न्हाई उठली. कण्हली बी न्हाई."

त्यानंतर धाकट्याला मी कधी हॉस्टेलात ठेवला नाही. रेबीजची लस दर वर्षी देत राहिले, खोकल्याची थांबवली. मी पुण्याला गेले की शेजारीण यायची, आणि गेले नसले तरी कधी दुपारची यायची. आम्ही फार बोलायचो नाही. ती शेंगा फोडायची, मी वह्या तपासायचे. चारेक वर्षांनी तिचे मालक वारले आणि मुलगा तिला चाकणला घेऊन गेला. जाताना तिनं घराची किल्ली माझ्याकडं दिली, अधूनमधून दार उघडून वारं लागू द्या म्हणाली.

अजून उघडते मी, रविवारचं. धाकटा बरोबर येतो आणि तिच्या रिकाम्या ओट्यावर ऊन खात पडतो, मी आतून झाडून होईस्तोवर.