लोकरीला विटाळ नाही

आमच्या प्रसूतिगृहात पडद्यामागच्या खुंटीवर एक धाबळी टांगलेली असे. सोलापुरातल्या त्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा ती तिथे होतीच. धाबळी म्हणजे सोवळ्याचं लोकरी वस्त्र. आताच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

बाळंतिणीला शिवलं की विटाळ आणि विटाळ झाला की आंघोळ. पण लोकरीला विटाळ लागत नाही, असा आमच्या लोकांचा पक्का समज. म्हणून बाळंतिणीचं करायला आलेली सासू किंवा आई लुगड्यावरून ती धाबळी लपेटून घ्यायची, तिला उठवायची, कपडे बदलायची, आणि काम उरकलं की धाबळी परत खुंटीवर. दुसरी आली की तिने तीच घ्यायची. लुगडं शुद्ध राहिलं, आंघोळ वाचली. आणि जिला विटाळच लागत नाही ती धुवायची कशाला? म्हणून ती कधी धुतली जात नसे.

मोठ्या दालनात विणकरांच्या आणि गिरणीतल्या बायका असायच्या. तिथे माझं राज्य होतं. कार्बोलिकने हात धुतल्याशिवाय कुणी खाटेजवळ फिरकायचं नाही, एप्रन रोज उकळायचा, भेटायला येणाऱ्यांनी उंबऱ्याबाहेर थांबायचं. तिथल्या सासवा माझ्यावर तेलुगूत चिडायच्या, मी त्यांच्यावर मराठीत चिडायचे, आणि दोन्हीकडे सगळं नीट पोहोचायचं. पडद्यामागच्या खाटा मात्र आमच्या भटाब्राह्मणांच्या. तिथे धाबळीचं राज्य.

एकदा मंगळवेढ्याकडची एक बाळंतीण पडद्यामागे तापाने फणफणली. सूतिकाज्वरच होता तो, हातांवरून-कपड्यांवरून पसरणारा बाळंतिणीचा ताप. तिची सासू दिवसभर ती धाबळी लपेटून तिचं सगळं काढत होती. धाबळीच्या काठावर डाग पडलेले मी डोळ्यांनी पाहिले. शेवटी घरच्या माणसांनी तिला तशीच गाडीत घालून गावी नेलं. मी तडक डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, धाबळी जाळा, नाहीतर उकळू द्या.

"बाई, तुमचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ती उकळलीत की उद्यापासून पडद्यामागे कुणी येणार नाही. त्या बायका घरी अंधाऱ्या खोलीत बाळंत होतील. ते चालेल तुम्हाला?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि मला राग येतो तो याचाच. मूर्ख माणसाशी भांडता तरी येतं. मी दवाखान्यातल्या आयाबाईला म्हटलं, तूच टाक ती उकळत्या भांड्यात. ती मोहोळकडची, धीट बाई, पण तीही मागे सरली. "मी न्हाय हात लावायची, बाई. म्हाताऱ्या हितं येऊन माजं टाळकं फोडतील की!" धाबळी खुंटीवरच राहिली.

त्यानंतर लगेच माझी वहिनी बाळंतपणाला आली. विधवा झाल्यावर मी पुण्याला शिकायला जाते म्हटलं, तेव्हा आईने अन्न टाकलं होतं. दादा "बघू" म्हणाला होता, आणि दादाचं बघू म्हणजे नाही. माझी ट्रंक भरून दिली ती वहिनीने. दवाखान्यात यायचा हट्टही तिनेच धरला, कारण तिथे मी होते.

"वन्सं, मला मोठ्या दालनात ठेवा. तुमच्या नजरेसमोर," ती म्हणाली.

"गिरणीतल्या बायकांच्या ओळीत? माझी सून?" आई कडाडली.

"मग पडद्यामागे ठेव, पण त्या धाबळीला हात लावू नकोस," मी म्हटलं. "तापाच्या बाईची घाण आहे तिच्यावर. मी उकळलेला एप्रन देते, तो घाल."

"तुझा एप्रन कुणाकुणाच्या अंगाला लागलाय ते मला कळत नाही होय? लोकरीला विटाळ लागत नाही. चार बुकं शिकलीस म्हणून आईला शिकवू नकोस."

दादा खिडकीपाशी उभा राहून हातातली टोपी फिरवत होता. मी त्याच्याकडे वळले. "दादा, तू तरी सांग हिला. या धाबळीने वहिनीला ताप येईल."

"बायकांच्या गोष्टीत मी काय बोलणार?" दादा म्हणाला.

मी धाबळी खुंटीवरून ओढली आणि कोठीत नेऊन कोंडली. आईने दवाखाना डोक्यावर घेतला. डॉक्टर स्वतः आले, त्यांनी कोठी उघडायला लावली आणि स्वतःच्या हाताने धाबळी परत टांगली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

वहिनीला मुलगा झाला. बाळंतपण मी केलं, आणि ते स्वच्छ झालं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मग आईने धाबळी लपेटली आणि सुनेची सेवा सुरू केली. मायेने केली, त्यात खोट नव्हती. दोन-तीन दिवसांत वहिनीला हुडहुडी भरली. "वन्सं, थंडी वाजतेय हो," ती म्हणाली. मी गरम पाण्याची पिशवी आणायला धावले. परत येऊन पाहते तो आईने तीच धाबळी तिच्या अंगावर घातली होती.

त्या तापावर तेव्हा औषध नव्हतं. कपाळावर घड्या ठेवायच्या आणि बघत बसायचं. वहिनी गेली. आई म्हणाली, दृष्ट लागली. डॉक्टर म्हणाले, प्रकृती नाजूक होती. पोर मात्र जगलं.

तेरावा झाल्यावर दादा दवाखान्यात आला. त्याच्या हातात कोरी करकरीत धाबळी होती. "तिच्या नावाने," तो म्हणाला. "जुनी फार विटली होती. आईची इच्छा आहे."

मी ती घेतली आणि त्याच्यासमोर एप्रन उकळायच्या भांड्यात टाकली. वरून मूठभर सोडा घातला.

"अगं, नवी होती ती!"

मी दांडीने ढवळत राहिले. बाहेर काढली तेव्हा ती आटून, घट्ट होऊन तान्ह्या पोराच्या दुपट्याएवढी उरली होती. दादाने ती काठाने उचलून पाहिली.

"जुनीही अशीच उकळायला हवी होती का?" त्याने विचारलं.

"हो."

त्याचे डोळे भरून आले. "मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

दादा आता नाही. त्याचं बाकी सगळं मी पोटात घातलं. हा एक प्रश्न मी त्याला माफ केलेला नाही.