माघारी आलेली पत्रं

आमच्या आळीत बहुतेक घरांतला एक तरी माणूस फौजेत होता. त्यांना जाणारी पत्रं मी लिहायची. माझी शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अक्षर गोल होतं, आणि मुख्य म्हणजे मी कुणाशी फारशी बोलत नसे. शेजारची दहावी झालेली सून पत्रातल्या गोष्टी विहिरीवर सांगायची. माझ्या पोटातून शब्द बाहेर येत नाही, हे बायकांना ठाऊक होतं. दुपारची भांडी झाली की एकेक जण पदराखाली आंतरदेशीय पत्र घेऊन मागच्या दारानं यायची.

माझं माहेर म्हसवडकडचं, सासर कडेगावाजवळचं. तेव्हा आमच्या गावात टीव्ही दोन घरांत होता, फोन कुठंच नव्हता.

त्या वर्षी धाकट्या जावेला मुलगी झाली. जावेला आई नव्हती म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. भावजी रजा संपवून जाताना सांगून गेले होते, "पोरगा होऊ दे न्हाईतर पोरगी, नाव मी धाडणार. तवर ठिवू नका." मी तिच्या वतीनं पत्र टाकलं. मग दुसरं, मग तिसरं. उत्तर नाही. बारावा दिवस गेला, महिना गेला, दोन महिने गेले. पाळणा नावाशिवायच हलत होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोरीला 'आमची ही' म्हणायच्या.

विहिरीवर बायका बोलू लागल्या, "पोरगी झाली म्हणून गप बसलाय जणू." जाऊ ऐकायची आणि घागर अर्धीच भरून परत यायची. रात्री मला विचारायची, "आक्का, खरंच रागावलं असतील का वो?" मी पोरीचं दुपटं सारखं करायची. मला तरी काय ठाऊक!

मग एका दुपारी पोस्टमन आला. नेहमी तो ओट्यावर एखादं कार्ड टाकून जायचा. त्या दिवशी सुतळीनं बांधलेला गठ्ठाच आपटला.

"वैनी, ह्ये समदं तुमच्या हातचं. जम्मू बघून आलं, आसाम बघून आलं, आन् पुन्हा माझ्याच सायकलीवर! आता तुमच्या आळीचं पत्र दिसलं की मलाच घाम फुटतोय."

मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. चौदा-पंधरा पत्रं होती. वरची तीन आमचीच, न फोडलेली. जावेनं ती उचलली, उलटसुलट केली आणि एकदम हसायला लागली. "आक्का, म्हंजी त्यास्नी कळलंच न्हाई! रागावलं न्हाईत, कळलंच न्हाई!" पोरीला उचलून तिनं दोन गिरक्या घेतल्या.

पत्रांवर इंग्रजीत काहीतरी खरडलं होतं. ते वाचणारा माणूस घरातच होता. मामंजी फौजेतून पेन्शनीत आलेले. पण सासऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही अशी आमच्याकडची रीत, त्यातून माझा स्वभाव. पाच वर्षांत मी त्यांच्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. मी चहाच्या कपाशेजारी गठ्ठा ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावला. "ह्यो पत्ता कुणी ल्हिला?"

आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाईनं. का वो?"

"तिला इचार, हितं जम्मू कशाला घातलंय?"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "कशाला घातलंस गं?"

मी हळूच म्हणाले, "गाव नको का?"

"ती म्हनतीया, गाव नको का."

मी तीन हातांवर होते. मामंजींना सगळं ऐकू जात होतं. ते इतके हसले की चहा बशीत सांडला. "तिला म्हनावं, फौजंच्या पत्त्याला गाव नसतं. नंबर, नाव, पलटन आन् एपीओचा, म्हंजी फौजी पोस्टाचा आकडा. गाव घातलं की पत्र त्या गावच्या पोस्टात हिंडत बसतंय!"

आधीची पत्रं मिळायची, कारण तेव्हा भावजी कुठं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. गाव कळलं तसं मी मायेनं ठळक लिहून खाली रेघ ओढू लागले. गावाचं नाव नसलेला पत्ता मला बिनदाराच्या घरासारखा वाटायचा.

मामंजींनी एकेक पत्र वाचून कारण सांगितलं. गाव घातल्यामुळे आलेली सर्वांत जास्त. काहींची पलटण हलली होती. एक तर असं की ज्याच्या नावचं होतं तो जवान रजेवर येऊन, आईच्या हातच्या भाकरी खाऊन परतही गेला होता.

मी दोनशे पानी वही केली, घराला एक पान. पत्ते पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येतात. कुणाचं पत्र आलं की मागचा पत्ता वहीशी ताडून बघायचा. रजेवर आलेल्याचं पत्र तो परत गेला की मगच टाकायचं. पलटण हललेल्याला नवा पत्ता येईपर्यंत काहीच टाकायचं नाही. एक म्हातारी हट्टाला पेटली, "टाक की गं, देव पोचवंल." मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नाही म्हटलं. माझाच आवाज ऐकून मी दचकले.

भावजींना चौथं पत्र गेलं, गावाशिवाय. तीन आठवड्यांनी पोस्टमन लांबूनच घंटी वाजवत आला. जावेनं पत्र माझ्या हातात कोंबलं. "मोठ्यानं वाचा, आक्का." सगळ्यांदेखत मोठ्यानं! मी वाचलं. भावजींनी लिहिलं होतं, लेक झाली म्हणून पलटणीत जिलेबी वाटली. आणि खाली नाव.

 भावजी गेल्यावर दिवाळीत घेतलेल्या आमच्या म्हशीचं तेच नाव होतं.

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत बसल्या. जावेनं मान ताठ केली. "बापानं धाडलंय. ह्येच ऱ्हाणार."

मामंजी माझ्याकडे बघून, थेट मलाच म्हणाले, "सूनबाई, ल्ही त्याला, नाव पोचलं. म्हशीला दुसरं बघू."

"व्हय," मी म्हणाले.

बारशाला आळीतल्या सगळ्या बायका आल्या, विहिरीवरच्यासुद्धा. पाळण्यात वाकून, पोरीच्या कानात कुर्र करून जावेनं मोठ्यानं नाव घेतलं. पोरगी झोपलेलीच राहिली. गोठ्यातून म्हैस मात्र लगेच हंबरली.