मागून, बाजूने की पुढून

आमच्या काकांना आयुष्यात कोणी फसवू शकलं नाही, असं ते स्वतःच सांगत. उभी हयात सुरतेत गेल्यामुळे फसवण्याला ते गुजराती थाटात ‘छेतरणं’ म्हणत. “आपल्याला कोण छेतरणार?” हे वाक्य कुकर घेतानाही यायचं आणि भाचीचं स्थळ बघतानाही. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस साधा पंखा घ्यायलासुद्धा उधन्यापासून रिंगरोडपर्यंतची दुकानं पालथी घालायचा आणि प्रत्येक ठिकाणी पात्यांच्या आकारावरून वाद घालून रिकाम्या हाताने परतायचा. पंखा घरात येईपर्यंत उन्हाळा संपलेला असे. त्यांना वस्तू नकोच असायची, दुकानदाराला गप्प केल्याचं समाधान हवं असायचं.

मला सायकल त्यांनीच शिकवली, हे मी नाकारत नाही. पण मी पडले की हात देण्याआधी ब्रेक कसा चुकीचा दाबला ते सांगत. गुडघ्यातून रक्त येत असताना मी ते सगळं ऐकून घ्यायची.

काकू धुळ्याकडची. घरात अहिराणी बोलायची आणि काकांना ते गावंढळ वाटायचं. त्यामुळे त्यांच्यासमोर ती फारसं बोलतच नसे. आपला संसार सुखाचा झाला तो यामुळेच, असं काकांचं मत होतं.

गेल्या वर्षी काकू मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, मांडीच्या हाडाचा मोडलेला गोळा काढून नवा बसवू, अर्धा सांधा बदलायचा, उद्या सकाळीच करू. या वयात अंथरुणाला खिळणं वाईट. काकांनी एवढंच विचारलं की कापणार कुठून. मागून, डॉक्टर म्हणाले. झालं. काकांच्या बागेतल्या मित्राच्या मेहुण्याचा मागून बसवलेला गोळा निसटला होता. काका एक्स-रे काखोटीला मारून निघाले.

दुसरे डॉक्टर बाजूने करत. त्यात खुब्याचे स्नायू दुखावतात आणि काही जण लंगडतात, हे काकांनी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. तिसरे पुढून करत. ती पद्धत नवी, म्हणून काकांना एकदम पटली. पण त्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यापर्यंत जागा नव्हती. त्यांनी स्वतः सांगितलं की माझ्यासाठी थांबू नका, प्रत्येक वाटेत काही ना काही खोट आहेच, ज्याचा हात जिथे बसलाय त्याला तिथून करू द्या, पण लवकर. पहिले दोघेही हेच म्हणाले होते. काकांनी तिघांच्या बोलण्यातून फक्त दोष तेवढे उचलले आणि थांबायचं ठरवलं.

इकडे काकू हॉस्पिटलात पाठीवर पडून. नर्स कूस बदलायला आली की ती पदर दातांत धरायची. एकदा माझा हात घट्ट पकडून म्हणाली, “कोठूनबी कापा, पन माले उभी करा.”

मी ते जसंच्या तसं काकांच्या कानावर घातलं.

“तिला काय कळतंय त्यातलं?” ते म्हणाले. “आणि तू शाळेत शिकवतेस ना? मग शाळेत शिकव.”

ते पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. परदेशातला कुठला तरी डॉक्टर प्लास्टिकच्या सांगाड्यावर काहीतरी दाखवत होता, आणि हे मान डोलावत होते. त्या क्षणी मला त्यांची किळस आली. बायको दोन हातांच्या अंतरावर कण्हत होती आणि हा माणूस सांगाडा बघत होता.

पुढून करणाऱ्या डॉक्टरांची तारीख आली तेव्हा काकूची छाती कफाने भरलेली होती, अंगात ताप होता. भुलीच्या डॉक्टरांनी नकार दिला. आधी छाती सुधारू दे, म्हणाले. ती सुधारली नाही. काकू गेली, मोडलेल्या हाडासकट.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. घरात मी आणि काका उरलो. सवयीने त्यांनी सुरू केलं, मागून केलं असतं तर निसटलाच असता, बाजूने केलं असतं तर... आणि मध्येच थांबले. समोरच्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “माझं चुकलं का गं?”

“हो,” मी म्हटलं.

मी पुढे काहीतरी बोलेन, समजूत घालेन, म्हणून ते बराच वेळ वाट बघत होते. मी चहाचे कप उचलले आणि विसळायला आत गेले.