काकूंनी मोकळा ठेवलेला पडदा

नेरच्या आमच्या काकूंकडे कुणीही, कधीही, न सांगता आलेलं चालायचं. भर दुपारी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला त्या आधी ताट वाढायच्या आणि मग काय काम काढलं ते विचारायच्या. पण घरातल्या कॉम्प्युटरवर न विचारता आलेलं एकही अ‍ॅप त्यांना खपत नसे. एखादं दिसलं, की पदर खोचून, चष्मा लावून त्या समोर बसायच्या. "कोन रे तू? कोनं बोलावलं तुले?" असं पडद्याला दटावायच्या आणि मगच ते काढून टाकायच्या. पाहणाऱ्याला हसू यायचं. कारण ठाऊक असणारे आम्ही घरचे मात्र हसत नव्हतो.

काका बाजार समितीत कापसाचा लिलाव पुकारायचे. गाड्यांच्या रांगेतल्या शेवटच्या शेतकऱ्यालाही भाव कळावा, असा त्यांचा आवाज. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. कळायचं सगळं, तोंडातून मात्र नुसता घोगरा सूर निघायचा. त्यांची मुलगी सुनंदाताई अमरावतीला असते. तिने नवा कॉम्प्युटर घेऊन दिला. मी यवतमाळच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून त्यावर बोलण्याचा प्रोग्राम मी बसवला. काका डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं दाबत आणि कॉम्प्युटर ते वाक्य मोठ्याने म्हणे. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "चहा पाणचट झाला." काकू तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या.

त्या कॉम्प्युटरमध्ये नको ती अ‍ॅपं आधीपासूनच भरून आली होती. पत्त्यांचे खेळ, बातम्या, हवामान, खरेदी. काका अर्ध्या शब्दावर असले, की मध्येच एखादी खिडकी उघडायची. एकदा त्यांनी "पोटात" एवढंच लिहिलं आणि पडदाभर रंगीत गोळ्यांचा खेळ पसरला. तो बंद करायला जावं तर दुसरं काहीतरी उघडे. शेवटी काकांनी कीबोर्डवर मूठ आपटली आणि भिंतीकडे तोंड केलं. पोटात कळा येत आहेत हे काकूंना कळायला संध्याकाळ झाली. डॉक्टरकडून आल्यावर त्यांनी मला फोन केला. "बाई, मानूस दुखनं सांगून राह्यला अन् हे मधात येऊन नाचून राह्यले. यायले काहाडाचं कसं, थे मले शिकव."

मी फोनवरच शिकवलं आणि त्या शिकल्याही. एकेक अ‍ॅप शोधून त्यांनी काढलं. मग अपडेट आलं आणि त्यातली निम्मी पुन्हा हजर झाली. "म्या काहाडले होते नं वो!" त्या फोनवर म्हणाल्या. "मंग काहून परत आले?" नुसतं काढणं वेगळं आणि अडवणं वेगळं, हे मग मी त्यांना सांगितलं. रविवारची बस धरून नेरला गेले. काकांसाठी वेगळं खातं उघडलं, त्यात बोलण्याच्या प्रोग्रामशिवाय काही चालणारच नाही असं केलं. आपोआप येणाऱ्या अ‍ॅपची वाट बंद केली, सूचना बंद केल्या. काकू प्रत्येक पायरीला "हे कायले?" विचारत होत्या आणि कळल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हत्या. त्यानंतर अपडेट आलं, की काकांना बसवायच्या आधी त्या स्वतः सगळं तपासून घेत.

काका बोलायला बसले, की काकू समोर तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. एक वाक्य व्हायला कधी कधी पुरा चहा थंड व्हायचा. एकदा न राहवून काकांचा शब्द मीच पुरा केला. काकूंनी माझा हात हळूच धरला. "थांब. त्यायचं बोलनं आहे, त्यायले बोलू दे." त्या स्वतः कधीच मध्ये बोलल्या नाहीत. काकांना वांगं नको असलं, तरी तेवढं सांगायला लागेल तितका वेळ त्या देत. मग म्हणत, "हाव, समजलं. पन आज वांगंच आहे."

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. भांडं पडल्याचा आवाज काकांनी खुर्चीतून ऐकला. त्यांना उठता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण वाढवला, "धावा" लिहिलं आणि वाक्य म्हणायचं बटण दाबत राहिले. शेजारची वंदना धावत आली. ती सांगत होती, पडद्यावर दुसरं काही नव्हतं, तेवढाच एक शब्द होता आणि काकांचं बोट थांबत नव्हतं. काकू शुद्धीवर होत्या. त्यांची मान काकांच्या खोलीकडे वळलेली होती. यवतमाळला नेताना गाडीतच त्या गेल्या.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. मी काकांजवळ बसले होते. त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला. बराच वेळ बोट फिरलं. मग तो सपाट आवाज म्हणाला, "तिले ऐकू गेलं होतं का?"

"हाव काका," मी म्हटलं. "वंदनानं पाह्यलं नं. तुमच्याचकडे पाहून राह्यल्या होत्या त्या."

काकांनी डोळे मिटले. मग पुन्हा लिहायला लागले. शब्द मला आधीच कळला होता, पण मी मध्ये बोलले नाही.

"हे काहाडून टाक."

"कायले, काका?"

"कोनाशी बोलू?"

प्रोग्राम मी काढला नाही. काका आता अमरावतीला सुनंदाताईकडे असतात. कॉम्प्युटर सोबत नेला आहे, पण त्यांनी तो उघडू दिलेला नाही. काही विचारलं तर डावा हात हलवतात, हो किंवा नाही. दर रविवारी मी फोन करते, ताई तो त्यांच्या कानाला लावते. मी शाळेचं सांगते, नेरचं सांगते, आणि मग थांबते. त्यांना एक वाक्य लिहायला लागायचा, तेवढा वेळ थांबते. पलीकडून काकांचा श्वास ऐकू येतो.